कथलाचें नांव, सोन्याचा वाळा

'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण आपल्याकडे लहान मुलांनासुद्धां पाठ असते. नांव भारी आणि वस्तु हलकी, असा अनुभव संसारांत पावलोपावलीं येत असल्यामुळें ती म्हण कधीं जुनी होत नाहीं. परंतु याच्या उलट प्रकारहि जगांत घडतो. वाळा असतो अस्सल सोन्याचा, आणि दुकानदार मात्र तो कथलाचा म्हणून, कथलाच्याच गिऱ्हाइकाला, कथलाच्याच भावानें विकतो. सोनें घेणारा त्या दुकानाकडे फिरकत नाहीं. आणि कथील घेणारा तो वाळा घरीं नेतो व 'हें कसलें मेलें पिवळें कथील!' म्हणून कोपऱ्यांत फेकून देतो. या दुसऱ्या प्रकाराला आपल्या भाषेंत म्हण असल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. ती असावयास पाहिजे होती, असें आम्हांस एका चित्रपटाच्या निमित्तानें वाटूं लागलें. तो चित्रपट कोणता, आणि त्यापायीं आमची स्वतःची कशी फजिती झाली, हें वाचकांस सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. फजितीचा भाग आधीं सांगतों. कारण तो प्रारंभीं तरी हंसण्यासारखा आहे.

गोष्ट १९९६ सालच्या उन्हाळ्यांतील. आम्ही नुकतेच कोठें एका महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापक म्हणून स्थिर झालों होतों, आणि पहिल्यानेंच समुद्र ओलांडून, अमेरिकेंत न्यू जर्सी येथें आमच्या आतेभावाकडे सहा आठवडे राहावयास गेलों होतों. हा आतेभाऊ आमच्याहून आठ वर्षांनीं वडील. आम्ही त्याला दादा म्हणतों. आमच्या घराण्यांतून परदेशीं जाऊन नांव काढणारा तो पहिला अभियंता. दोन मोटारी, घरामागें हिरवळ, तळघरांत गाणीं ऐकण्याची व चित्रपट पाहण्याची स्वतंत्र खोली, असा त्याचा थाट होता. आमच्या आत्याबाईंनीं त्या घराचें छायाचित्र दिवाणखान्यांत देवांच्या तसबिरींच्या रांगेंतच टांगलें होतें, आणि घरांतील प्रत्येक मुलाला परीक्षेपूर्वीं त्या रांगेला नमस्कार करावा लागे. देवाबरोबर दादालाहि तो आपोआप पोंचत असे.

दादाच्या गांवांत व्हिडिओच्या फिती भाड्यानें देणारें एक दुकान त्या वेळीं बंद होत होतें. जुन्या फिती डॉलरला एक या भावानें टोपल्यांत टाकून ठेवल्या होत्या. रद्दीच्या दुकानांत पुस्तकें धुंडाळण्याची संवय असलेल्या माणसाला असा ढीग दिसला म्हणजे पुढें पाऊल टाकवत नाहीं. त्या ढिगांतून 'ब्लड कपल', म्हणजे 'रक्ताचें जोडपें', या नांवाची एक फीत आम्हीं उचलली. वेष्टनावर काळोख होता, लाल अक्षरें होतीं, आणि पाहणाऱ्याची झोंप उडेल अशी हमी होती. हा 'व्हॅम्पायर'चा चित्रपट आहे, हें कोणालाहि दुरून वाचतां यावें अशी व्यवस्था होती. आम्ही त्या दिवसांत ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीवर वर्गासाठीं टिपणें काढीत होतों. तेव्हां अभ्यासहि होईल आणि करमणूकहि होईल, अशा दुहेरी लोभानें आम्हीं एक डॉलर खर्च केला.

येथें या भुताची ओळख थोडक्यांत करून देणें बरें. आपल्याकडे वेताळ आहे, हडळ आहे, मुंजा आहे. परंतु थडग्यांतून रात्रीं उठून जिवंत माणसाचें रक्त पिणारा, आणि ज्याचें रक्त प्याला त्यालाहि आपल्या गोतांत ओढणारा व्हॅम्पायर हा मूळचा पूर्व युरोपांतील लोककथांतला. स्टोकरनें १८९७ सालीं त्याला सरदारी पोशाख चढविला आणि लंडनला आणलें. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाहि रस्त्यानें हिंडतो; सूर्यकिरण लागतांच हें भूत नाहींसें होतें, ही कल्पना मुर्नाउ या जर्मन दिग्दर्शकाच्या १९२२ सालच्या 'नॉस्फेरातू' या मूकपटामुळें रूढ झाली. १९३१ सालीं बेला लुगोसी या नटानें त्याला वाचा दिली, आणि १९५८ सालीं इंग्लंडांतील हॅमर कंपनीनें रंगीत चित्रपट काढून त्याच्या सुळ्यांवरून लालभडक रक्त ओघळविलें. अशा रीतीनें या भुताचें एक शास्त्रच तयार झालें. सुळे पाहिजेत, काळा झगा पाहिजे, लसणाचें व क्रुसाचें भय पाहिजे. आम्ही हें शास्त्र पाठ करून पडद्यासमोर बसलों होतों.

दादा, वहिनी व आम्ही असे तिघे त्या रात्रीं तळघरांत बसलों. पडद्यावर हेस ग्रीन नांवाचा एक कृष्णवर्णी विद्वान आला. भव्य घर, उंची मोटार, भिंतींवर चित्रें, हातांत पुस्तक. हा गृहस्थ भर उन्हांत हिंडतो. याच्या अंगावर काळा झगा नाहीं. आणि मुख्य म्हणजे, दादानें अर्ध्या तासानंतर जाहीर केल्याप्रमाणें, "अरे प्रोफेसर, तुझ्या भुताला दातच नाहींत!" आम्ही सारे हंसलों. कथानकाची संगति लागत नव्हती. माणसें मध्येंच येत, मध्येंच नाहींशीं होत. आमच्यासारख्या समीक्षकानें तेवढ्यावरून निकाल देऊन टाकला, कीं हा एक बिनदातांचा, बिनडोक्याचा भयपट आहे.

पुढें थोड्या वेळानें हेसला रक्ताची तहान लागते. देखणा, बोलण्याचालण्यांत अत्यंत शिष्ट असा तो मनुष्य. त्याच्या मुद्रेवर एकाएकीं जी अवकळा उतरली ती पाहून दादा उठला आणि कांहीं न बोलतां जिना चढून वर गेला. त्याला कंटाळा आला असें आम्हांस वाटलें. वहिनी थोडा वेळ बसल्या, आणि मग हलक्या आवाजांत म्हणाल्या, "भावजी, बंद करा ना तें." त्या भ्याल्या असें आम्हांस वाटलें, आणि बिनदातांच्या भुताला भ्याल्याबद्दल आम्हीं त्यांची थट्टाहि केली. मग आम्हीं एकट्यानेंच तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला व दुसऱ्या दिवशीं फीत कचऱ्याच्या पेटींत टाकली. हा आमच्या रसिकतेचा पहिला पराक्रम.

त्यानंतर सतरा वर्षांनीं, २०१३ सालीं, दादाकडून टपालानें एक पुडकें आलें. त्यांत एक चकती व एक पत्र होतें. चकतीवर नांव होतें 'गांजा अँड हेस', दिग्दर्शक बिल गन, साल १९७३. पत्राच्या आरंभीं दादानें लिहिलें होतें, "तुझा तोच सिनेमा. या खेपेस पुरा आहे. दात यांतहि नाहींत." पत्राचा पुढचा मजकूर आम्हीं त्या दिवशीं वाचला; पण त्याचा अर्थ चित्रपट पाहिल्यावर कळला, म्हणून येथेंहि तोच क्रम ठेवतों.

आम्हीं पूर्वीं पाहिला तो एका चित्रपटाचा सांगाडा होता, आणि त्यालाहि परक्याचे कपडे चढविलेले होते. हें कसें झालें त्याची हकीगत वाचकांनीं ऐकण्यासारखी आहे. १९७० नंतर अमेरिकेंतील चित्रपट-व्यापाऱ्यांना असा शोध लागला, कीं कृष्णवर्णी प्रेक्षकहि पैसे देऊन तिकिटें काढतो. 'शाफ्ट' हा चित्रपट १९७१ सालीं व 'सुपर फ्लाय' १९७२ सालीं चालला. त्याच १९७२ सालीं एका आफ्रिकी राजपुत्राला व्हॅम्पायर करून दाखविणारा 'ब्लॅक्युला' हाहि चालला. तेव्हां केली-जॉर्डन एंटरप्राइझेस या संस्थेनें आपणहि एक काळा व्हॅम्पायर बाजारांत आणावा असें ठरविलें, आणि सुमारें साडेतीन लाख डॉलरांचें भांडवल देऊन तें काम बिल गन यांच्यावर सोंपविलें.

गन हे फिलाडेल्फिया येथें जन्मलेले नट, नाटककार आणि कादंबरीकार. त्यांनीं पूर्वीं वॉर्नर ब्रदर्ससाठीं 'स्टॉप' हा चित्रपट केला होता; तो कंपनीनें प्रदर्शितच केला नाहीं. अशा माणसाला ही नवी संधि आली ती भुताच्या रूपानें. त्यांना व्हॅम्पायरचा चित्रपट काढण्यांत गोडी नव्हती. परंतु रक्ताची तहान हें व्यसनाचें रूपक होऊं शकेल असें त्यांच्या मनांत आलें, आणि त्यांनीं होकार दिला. हडसन नदीच्या कांठीं क्रॉटन या गांवाजवळ चित्रण झालें. हेसची भूमिका केली ती ड्वेन जोन्स यांनीं. हे 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ सालच्या गाजलेल्या भयपटाचे नायक, आणि व्यवसायानें आमच्याच बिरादरींतले, म्हणजे साहित्याचे अध्यापक. गांजा नांवाच्या नायिकेची भूमिका मार्लिन क्लार्क यांनीं केली. संगीत सॅम वेमन यांचें. हे सुप्रसिद्ध गायिका नीना सिमोन यांचे बंधु, आणि चित्रपटांत हेसचा मोटारचालक असलेला धर्मोपदेशक झाले तेहि हेच.

चित्रपट तयार झाला. १९७३ सालीं कान येथील समारंभांत समीक्षक-सप्ताहासाठीं त्याची निवड झाली. परंतु न्यूयॉर्कांत तो फार दिवस टिकला नाहीं. भांडवलदारांना पाहिजे होता 'ब्लॅक्युला'चा धाकटा भाऊ. हातीं आलें तें भलतेंच. त्यांनीं तो दुसऱ्याच्या हवालीं केला. त्यानें सुमारें ११० मिनिटांचा चित्रपट कापून, उलटसुलट जोडून ८० मिनिटांच्या आंत बसविला आणि त्याला 'ब्लड कपल' हें नांव दिलें. पुढें 'डबल पझेशन' आदिकरून आणखीहि नांवांनीं तो हिंडला. गन यांनीं त्या कापलेल्या चित्रपटाशीं आपला संबंध नाकारला. मे १९७३ मध्यें त्यांनीं 'न्यूयॉर्क टाइम्स'ला एक पत्र लिहिलें. आपण केलेलें जें आहे तें पाहावयासच गोरे समीक्षक तयार नाहींत, आणि हेंच एखाद्या गोऱ्यानें केलें असतें तर त्याची नावीन्य म्हणून वाखाणणी झाली असती, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. मूळ चित्रपट मात्र न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संस्थेच्या संग्रहांत राहिला. तेथें जाणकार लोक तो पाहत राहिले, आणि पुढें त्याच संस्थेनें त्याचा जीर्णोद्धार केला. गन १९८९ सालीं वारले. तो जीर्णोद्धार पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. २०१४ सालीं स्पाइक ली यांनीं याच कथेवर 'दा स्वीट ब्लड ऑफ जीझस' हा चित्रपट काढला, तेव्हां कोठें पुष्कळांना मूळ चित्रपटाची आठवण झाली.

आतां तो मूळ चित्रपट कसा आहे तें सांगतों. डॉक्टर हेस ग्रीन हा मिर्थिया नांवाच्या एका काल्पनिक प्राचीन आफ्रिकी राष्ट्राचा अभ्यास करीत असतो. त्या राष्ट्रांत रक्तप्राशनाचा प्रघात होता. जॉर्ज मेडा हा त्याचा मदतनीस. ही भूमिका स्वतः गन यांनींच केली आहे. मेडाचें चित्त ठिकाणावर नाहीं. एका रात्रीं तो गळफांसाचा दोर घेऊन हेसच्या आवारांतील झाडावर जाऊन बसतो. खालून हेस त्याची समजूत घालतो, ती कशी? तो म्हणतो, या आळींत काळा माणूस मी एकटा. तुझें प्रेत येथें सांपडलें तर पोलीस पहिल्यानें माझ्या दाराशीं येतील. एवढ्या एका संभाषणांत त्या भव्य घराचा पाया किती ठिसूळ आहे तें गन दाखवून देतात. पुढें मेडा मिर्थियाच्या एका पुराण्या खंजिरानें हेसवर तीन वार करतो आणि नंतर स्वतःला गोळी घालून घेतो. हेस मरत नाहीं. तो उठतो, अंगावर जखम नसते. आणि स्नानगृहांत मेडाचें प्रेत पाहून तो पंडित, तो सभ्य गृहस्थ, फरशीवर गुडघे टेकतो आणि जमिनीवरचें रक्त चाटूं लागतो.

हें दृश्य पाहतांना अंगावर कांटा येतो, पण तो भुताच्या भयानें नव्हे. पडद्यावर भूत नसतेंच. 'व्हॅम्पायर' हा शब्द सबंध चित्रपटांत एकदांहि उच्चारला जात नाहीं. आरंभींच तो मोटारचालक धर्मोपदेशक आपल्या धन्याविषयीं सांगतो, कीं हा गुन्हेगार नव्हे, हा व्यसनांत सांपडलेला दुर्दैवी मनुष्य आहे. मग हेस दवाखान्यांतून रक्ताच्या पिशव्या चोरतो, गरिबांच्या वस्तींत जाऊन खून करतो, घरीं येऊन पुन्हां स्वच्छ कपडे करतो आणि पुस्तक उघडतो. मेडाची बायको गांजा ॲम्स्टरडॅमहून नवऱ्याच्या शोधार्थ येते, घराची मालकीण होते, नवऱ्याचें गोठलेलें प्रेत तळघरांत पाहते, आणि तरीहि हेसशीं लग्न करते. तो तिलाहि अमर करतो, म्हणजे तिलाहि तहान लावतो. शेवटीं हेस थकतो. तो आपल्या मोटारचालकाच्या चर्चमध्यें जातो, भक्तांच्या गजरांत ईश्वरापुढें नमतो, घरीं येतो, आणि क्रुसाच्या सावलींत उभा राहून मरण पत्करतो. गांजा मरण पत्करीत नाहीं. ती जगते, तिच्या ओठांवर हंसूं आहे, आणि चित्रपट तिला दोष न देतां संपतो.

आम्हीं तो पाहिला, आणि मग दादाचें पत्र पुन्हां काढून वाचलें. मधला मजकूर त्याच्या शब्दांचा सारांश करून देतों. १९९६ सालीं आम्ही त्याच्या घरीं होतों तेव्हां तो रोज पीत होता. संध्याकाळीं आमच्यासमोर हातांत असे तो एक पेला. तळघरांत, मोटारींत व कार्यालयाच्या टेबलाच्या कप्प्यांत आणखी किती असत त्याची मोजदाद त्यानेंहि ठेविली नव्हती. पुढें नोकरी गेली, दुसरी लागली, तीहि गेली. आत्याबाईंना 'बदली झाली' एवढेंच कळत असे. २००४ सालापासून त्यानें दारूला स्पर्श केला नव्हता. अमेरिकेंत १९३५ सालीं सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' नांवाची मद्यपींची जी निनावी मंडळी आहे, तिच्या सभांना तो जाऊं लागला होता. 'तेथें', त्यानें लिहिलें होतें, 'उभें राहून पहिल्यानें स्वतःचें लेबल वाचून दाखवावें लागतें: माझें नांव अमुक, आणि मी दारुड्या आहें. इतकीं वर्षें माझ्या अंगावर आईनें लावलेलें लेबल होतें. तें काढावयाला मला पंचेचाळीस वर्षें लागलीं. त्या रात्रीं तुझ्या सिनेमांतल्या त्या माणसाचें तोंड मला ओळखूं आलें, म्हणून मी उठून गेलों. तुला कांहीं दिसलें नाहीं ना?'

खरेंच, आम्हांला कांहीं दिसलें नव्हतें. सहा आठवडे आम्ही त्या घरांत राहिलों. साहित्य शिकविणें हा आमचा धंदा. माणसाच्या बोलण्यांतील न बोललेलें ओळखावें असें आम्ही पोरांना रोज सांगतों. तो सायंकाळचा पेला आम्हीं पाहिला होता, आणि पाश्चात्त्य शिष्टाचाराचा नमुना म्हणून त्याचें घरीं पाठविलेल्या पत्रांत कौतुकहि केलें होतें. वहिनी रात्रीं उशिरापर्यंत जाग्या असत, ती गृहिणीची दक्षता असें आम्हीं समजलों. पडद्यावर व्हॅम्पायर पाहावयास बसलेल्यानें दात शोधले आणि माणूस पाहिला नाहीं. यशस्वी अभियंत्याच्या घरीं पाहुणा गेलेल्यानें मोटारी मोजल्या आणि माणूस पाहिला नाहीं. एकाच रात्रीं, एकाच खोलींत, दोन्ही चुका.

खोट्या जाहिरातीविरुद्ध लोक ओरड करतात ती पैसे बुडाल्याबद्दल. आमचा एक डॉलर बुडाला, त्याचें दुःख आम्हांस नाहीं. खोट्या चिठ्ठीचें खरें पाप तें नव्हे. ती डोळ्यांना आधींच कामाला लावून ठेवते. अमुक शोध, असें ती सांगते; आणि जें शोधावयास सांगितलें तें न सांपडलें म्हणजे पाहणारा म्हणतो, येथें कांहींच नाहीं. १९७३ सालच्या प्रेक्षकांनीं हेंच केलें, समीक्षकांनीं हेंच केलें, आणि तेवीस वर्षांनीं न्यू जर्सींत आम्हींहि तेंच केलें. फार काय, चिठ्ठी स्तुतीची असली म्हणजे तर ती अधिकच घातक. निंदेची चिठ्ठी पाहून एखादा तरी चौकस मनुष्य आंत डोकावतो. आत्याबाईंच्या देवांच्या रांगेंतील तसबिरीच्या आंत डोकावण्याचें धैर्य कोणाला होणार?

येथें कोणी वाचक विचारतील, कीं मग बिल गन तरी सचोटीनें वागले काय? व्हॅम्पायरचा चित्रपट देतों म्हणून पैसे घेतले आणि दिलें भलतेंच. तेव्हां आधीं फसवणूक कोणाची झाली? हा प्रश्न आम्हींहि स्वतःला पुष्कळदां विचारला आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याची तक्रार अगदींच निराधार नव्हे. परंतु एक भेद लक्षांत घ्यावयास पाहिजे. गन यांनीं मागितलेल्यापेक्षां अधिक दिलें. रक्त मागितलें होतें, तें दिलें. आणि त्या रक्ताचा अर्थहि दिला. कापणाऱ्यानें तो अर्थ काढून घेतला आणि उरलें तेवढें रक्त विकलें. कबूल केल्याहून अधिक देणें आणि दिलेलें काढून घेऊन तेंच नांव सांगत राहणें, हीं दोन्ही एकाच मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. तरीहि आम्ही कबूल करतों, कीं ज्या मनुष्याला आपली खरी गोष्ट सांगण्यासाठीं आधीं भुताचें सोंग पत्करावें लागतें, त्याच्या काळाविषयीं त्या सोंगानेंच पुष्कळ सांगून टाकलेलें असतें.

हें सर्व येथेंच संपलें असतें. परंतु कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट-मंडळांत हा चित्रपट दाखवावा असें आम्हीं सुचविलें. मंडळाच्या चिटणीसानें मोठ्या उत्साहानें एक भित्तिपत्रक रंगवून आणलें. त्यावर दोन हात लांबीचे सुळे होते, आणि सुळ्यांवरून तांबडा रंग ओघळत होता. आम्हीं तें काढावयास सांगितलें. तो म्हणाला, "सर, मग येणार कोण?" प्रश्न बिनतोड होता. चिठ्ठीच नसेल तर वस्तूकडे कोणी वळत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. पुष्कळ विचार करून आम्हीं फळ्यावर स्वतः लिहिलें: 'एका व्यसनी माणसाची गोष्ट. यांत रक्त आहे, दात नाहींत.' एकोणीस मुलें आलीं. त्यांतील पांच मध्यांतरापूर्वींच उठून गेलीं. फसवणुकीबद्दल मात्र कोणीं तक्रार केली नाहीं.

दिवे लागल्यावर एक मुलगा मागें रेंगाळला. सहसा वर्गांत न बोलणारा. तो म्हणाला, "सर, त्या ड्रायव्हरला सुरुवातीपासून सगळें माहीत होतें ना? मग तो रोज गाडी कशी चालवीत होता?"

आम्हीं त्याला कांहीं तरी उत्तर दिलें. धर्म, क्षमा, आशा असे शब्द त्यांत होते. परंतु घरीं येतांना वाटेंत वहिनींचा तो हलका आवाज आठवला: 'भावजी, बंद करा ना तें.' इतक्या वर्षांत आम्हीं दादाशीं या विषयावर अनेकदां बोललों होतों; वहिनींशीं एकदांहि नाहीं. त्याच रात्रीं बसून आम्हीं त्यांना पत्र लिहिलें, आणि त्या थट्टेबद्दल क्षमा मागितली. त्या वेळीं आम्हांस दिसलें असतें तर बरें झालें असतें, असेंहि लिहिलें.

पंधरा दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें. प्रकृति, मुलें, बर्फ किती पडलें, दादाच्या बागेंतील टोमॅटो, हा नेहमींचा मजकूर झाल्यावर शेवटीं दोन ओळी होत्या. "त्या रात्रीं तुम्ही विचारलें असतें, तरी भावजी, मी 'कांहीं नाहीं' असेंच म्हटलें असतें. पण विचारलें असतें तर मला बरें वाटलें असतें."

पत्र आम्हीं टेबलाच्या कप्प्यांत ठेविलें आहे. आत्याबाई वारल्यापासून दिवाणखान्यांतील ती तसबीर आमच्याकडे आली आहे. ती अद्याप भिंतीवर लावलेली नाहीं. दादा पुढच्या हिंवाळ्यांत येणार आहे. कोठें लावावयाची, तें त्यालाच विचारूं.